पायथ्याशी बाई

आजार रक्ताचा होता, पण मला लिहायचं आहे ते पायांबद्दल. रक्ताचं काय झालं ते डॉक्टरांना विचारा. त्यांना ते सांगायला आवडतं आणि माझ्यापेक्षा बरं सांगता येतं. ज्यांच्या घरात नुकतंच असं काही कळलं आहे त्यांच्यासाठी मी हे लिहिते आहे. आमच्या इथल्या मराठी प्रार्थनामंडळातल्या दोघींवर अलीकडेच ही वेळ आली. दोघींनीही मला फोन करून एकच विचारलं, तुला भीती वाटली का? वाटली. कसली वाटली ते खरं खरं सांगते, मग मला वेडी ठरवलंत तरी चालेल.

स्टूल

हिरड्यांतून रक्त येत होतं, मांड्यांवर काळेनिळे डाग उठत होते आणि जिना चढताना मध्येच बसावंसं वाटत होतं. माझा नवरा विजय म्हणाला, तू टेबलांना धडकत चालतेस, डाग पडणारच. मलाही ते पटलं, कारण मी धडकतेच. रक्ततपासणी झाली त्याच दुपारी फोन आला की ताबडतोब या. शॉमबर्ग गावातल्या आमच्या घरापासून हॉस्पिटलपर्यंत विजय रस्त्यातल्या प्रत्येक ड्रायव्हरला शिव्या देत होता. एरवी तो चर्चमध्ये गाणीसुद्धा तोंडातल्या तोंडात म्हणतो.

डॉक्टर तरुण होत्या. त्या उभ्याने बोलत होत्या तोवर मी निश्चिंत होते. मग त्यांनी स्टूल ओढलं आणि माझ्या गुडघ्यांशी येऊन बसल्या. त्या बराच वेळ बोलल्या. मला कळलं ते एवढंच, की हा रक्ताचा कॅन्सर आहे आणि आज घरी जायचं नाही. विजयने सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, "पार्किंगच्या तिकिटावर शिक्का इथेच मारून मिळतो का?" तुमच्या घरात कोणी असं भलतंच काही बोललं तर रागावू नका. त्या क्षणी माणसाला जे विचारणं जमतं तेच तो विचारतो.

आमची एकुलती एक मुलगी रूथ तासाभरात आली. ती इथेच जन्मली, फिजिकल थेरपिस्ट आहे, लग्न केलेलं नाही. एकटी राहते असं म्हणणार होते, पण तेव्हा ती एकटी नव्हती. काही आठवड्यांपूर्वीच तिने एक मूल सांभाळायला आणलं होतं. ज्या मुलांना आईबाप सांभाळू शकत नाहीत त्यांना इथे काही काळ दुसऱ्या घरी ठेवतात, त्याला फॉस्टर केअर म्हणतात. टेसा सात वर्षांची, आई व्यसनमुक्ती केंद्रात, वडील कुठे ते कोणालाच माहीत नाही. रूथच्या आधी तिची बरीच घरं फिरून झाली होती. ती कचऱ्याच्या काळ्या पिशवीत कपडे घेऊन आली आणि पलंगावर बूट घालूनच झोपली. रूथने बूट काढायला सांगितलं, तर म्हणाली, कशाला, परत घालावेच लागतात.

हे सगळं अंगावर घेण्याआधी मी रूथला विचारलं होतं, तुला एकटीला झेपेल का. ती म्हणाली, "आजीने अख्खं हॉस्टेल सांभाळलं, मम्मा. आय कॅन डू वन."

बाई

आजी म्हणजे माझी आई. नगर जिल्ह्यातल्या एका गावात मिशनचं बोर्डिंग होतं, ते ती चालवायची. माझे वडील मी तान्ही असतानाच गेले होते. बोर्डिंगात अनाथ मुलं होती, कोणी आणून सोडलेली होती, काहींचे आईबाप कामाला लांब गेले होते आणि परत आलेच नव्हते. सगळी तिला बाई म्हणायची. मीसुद्धा.

लहान असताना मी एकदा सगळ्यांसमोर आई म्हणून हाक मारली. तिने मला स्वयंपाकघरात नेलं, हातावर गुळाचा खडा ठेवला आणि म्हणाली, "इथे एकीलाच आई असली तर बाकीच्यांना जास्त लागतं. तू मला बाई म्हण. मी तुझी आई आहे हे आपल्या दोघींना माहीत आहे, तेवढं पुरे." तेव्हापासून मी सगळ्या पोरांच्या रांगेत, सगळ्यांसारख्याच सतरंजीवर झोपले. बघा, आई लिहिलं की मागोमाग 'ती' येते आणि बाई लिहिलं की 'त्या' येतात. आईला बाई म्हणण्याचा मला फार राग यायचा. खरं सांगायचं तर अजूनही येतो.

रात्रीची प्रार्थना झाली, आम्ही आडवे झालो, की बाई कंदील घेऊन रांगेच्या पायथ्याकडून जायच्या. प्रत्येकाच्या तळव्याला हात लावून ताप आहे का बघायच्या आणि चादर टाचांखाली घट्ट खोचायच्या. डोक्यावरून हात का फिरवत नाही, असं एका नव्या शिक्षिकेने त्यांना विचारलं होतं. बाई म्हणाल्या, डोक्यावर हात ठेवला की पोराला घर आठवतं आणि ते रडतं, पायाला हात लावला की झोपतं. प्रभूने शेवटच्या जेवणाच्या वेळी शिष्यांचे पायच धुतले होते, हे त्यांनी बोलून दाखवलं नाही. आम्हाला ते ठाऊकच होतं.

हात क्षणभर टेकायचा आणि उचलला जायचा. पण कधीकधी एखाद्याच्या पायाशी बाई थांबायच्या. कंदील खाली ठेवायच्या आणि हात तसाच राहायचा. ते मूल सकाळी जायचं. कोणाचा चुलता न्यायला यायचा, कोणाला दुसऱ्या गावच्या बोर्डिंगात धाडायचं असायचं. बाईंना ते आधी कळलेलं असे, आम्हाला नाही. आम्हाला एवढंच कळायचं, की ज्याच्या पायावर बाईंचा हात रेंगाळला तो जाणार. एकदा तापाने फणफणलेल्या सुमनच्या पायाशी बाई खूप वेळ बसल्या होत्या. सकाळी सुमनही नव्हती.

बाईंना जाऊन आता बरीच वर्षं झाली. मी इथून पोचले तेव्हा शवपेटी उघडी होती आणि मोठमोठी माणसं, कोणी पोलिसातला, कोणी नर्स, कोणी ट्रकचा मालक, एकेक करून त्यांच्या तळव्यांना हात लावून पुढे जात होती. मीही रांगेतूनच गेले.

पिवळे मोजे

हॉस्पिटलातला दिवस पहाटेच सुरू होतो. कोणीतरी रक्त काढायला येतं, मग वजन, मग डॉक्टरांचा घोळका, मग औषधाची पिशवी. माझी प्रतिकारशक्ती शून्यावर आणून ठेवली होती, त्यामुळे खोलीत फुलं नाहीत, कच्ची फळं नाहीत, खिडकी उघडत नाही, येणाऱ्याने तोंडाला मास्क लावायचा. औषध चढत असताना तोंडात बर्फ चघळत बसायचं, म्हणजे तोंड कमी सोलपटतं. हे मला कोणी आधी सांगितलं नव्हतं म्हणून तुम्हाला सांगते. आणि थंडी वाजली तर गरम ब्लँकेट मागा. तिथे ब्लँकेटं गरम करायचं कपाट असतं. ग्लोरिया नावाची नर्स मला न मागता आणून द्यायची. ते अंगावर पडलं की मी डोळे मिटून चक्क हसायचे.

माझ्या पायात पिवळे मोजे चढवले होते, तळव्यांना रबरी ठिपके असलेले. पिवळे म्हणजे हा पेशंट पडू शकतो. मी पडायचेच, कारण औषधाने माझे पाय बधिर झाले होते. डॉक्टरांनी तळव्यावर कापूस फिरवला, मला कळलं नाही. टोचून पाहिलं, तेही कळलं नाही. त्या म्हणाल्या, संवेदना हळूहळू येईल, नाहीतर थोडी गेलेलीच राहील.

त्याच संध्याकाळी, खाली पार्किंगमधले दिवे लागत असताना, माझ्या उजव्या तळव्याला कोणाचा तरी हात लागला. कोरडा, खरखरीत हात. मग डाव्या तळव्याला. मी डोळे उघडले, खोलीत कोणी नव्हतं. त्या खोलीची हवा गाळून आत सोडतात, बाहेरच्या जेवणाचासुद्धा वास येत नाही, पण मला घासलेटाचा वास आला. मी घाबरले नाही. खरं म्हणजे मला बरं वाटलं आणि झोप लागली.

डॉक्टरांना सांगितलं, तर त्यांनी समजूतदारपणे मान डोलावली. नसा दुखावल्या की असे भास होतात, पुष्कळांना होतात. मला ते पटलं. मी शिकलेली बाई आहे, इन्शुरन्स कंपनीत जन्म काढलेली. पण सकाळी ग्लोरिया माझे पाय तपासायला आली आणि ब्लँकेट सोडवता सोडवता थांबली. ते माझ्या टाचांखाली घट्ट खोचलेलं होतं. ती म्हणाली, मुलीने छान खोचलंय, आमच्यातल्या कोणाला असं येत नाही. आदल्या दिवशी रूथ आलीच नव्हती. टेसाला खोकला होता म्हणून तिला येऊ दिलं नव्हतं.

रेंगाळणं

हात रोज दिवे लागायच्या वेळी येऊ लागला. आधी क्षणभरच. मग थोडा जास्त. मग एका संध्याकाळी तो आला आणि उचललाच जाईना. मी छताकडे बघत पडून राहिले. खाली पाहायचं धाडस होईना, कारण नजरेच्या कडेला, पलंगाच्या पायथ्याशी, जमिनीवर कंदील ठेवल्यासारखा पिवळा उजेड होता. मशीनचा दिवा असेल असं मनाला सांगितलं. त्या खोलीतले मशीनचे दिवे हिरवे होते.

आता मला भीती वाटली. मरणाची भीती म्हणतात ती वेगळी असते, ती डॉक्टरांसमोर वाटते. ही बोर्डिंगातल्या पोरीची भीती होती. बाईंचा हात रेंगाळला म्हणजे सकाळी अंथरूण रिकामं असणार. तेही माझ्याच आईचा हात, ज्याच्यासाठी मी लहानपणी जागी राहायचे. तो यावा असं वाटत होतं आणि येऊ नये असंही वाटत होतं.

विजयला मी हे सांगितलं नाही. तो रोज डब्यात मऊ भात आणायचा आणि मी दोन घास खाल्ले की शेजारच्या खोलीतही ऐकू जाईल एवढा खूश व्हायचा. मी त्याला कुठल्या खणात कोणती पॉलिसी आहे ते सांगायला लागले. तो म्हणाला, घरी आल्यावर दाखव, मला असं तोंडी कळत नाही. आणि तोंड फिरवून डबा धुवायला गेला.

बाय

मग ताप चढला. त्या दिवसाचं मला काही आठवत नाही, जे सांगते ते रूथकडून ऐकलेलं आहे.

ती मास्क लावून माझ्याजवळ बसली होती. संध्याकाळ होत आली होती. मी एकदम डोळे उघडले, पण तिच्याकडे नाही, पायथ्याकडे पाहिलं. हसले, हात वर केला आणि बोलायला लागले. रूथला ऐकू आलं, बाय. बाय. बाय. तिने मला हलवलं, तरी माझी नजर पायथ्यावरून हटेना आणि बाय थांबेना. तिने कॉरिडॉरमध्ये जाऊन विजयला फोन केला आणि रडत रडत सांगितलं की मम्मा गुडबाय म्हणते आहे, लगेच या.

विजयला अंधार पडल्यावर हायवेवर नीट दिसत नाही, म्हणून शैला त्याला घेऊन आली. शैला माझी इथली सगळ्यात जुनी मैत्रीण, पुण्याची, महाराष्ट्र मंडळात नाटकं बसवणारी. ती येऊन माझ्या पलंगाशी उभी राहिली, कान देऊन ऐकलं आणि रूथला म्हणाली, "अगं, ती बाय नाही म्हणत. बाईला हाक मारतेय. तिला वाटतंय ती नगरला आहे आणि कामवाली आली." रूथला तेही कळलं नाही. विजयला कळलं. तो खुर्ची ओढून माझ्या उशाशी बसला.

दोन दिवसांनी ताप उतरला तेव्हा रूथ माझ्याजवळ आली. डोळे सुजलेले होते. तिने मला हे सगळं सांगितलं आणि विचारलं, कोण बाई? मग मी तिला सांगितलं. गुळाचा खडा, सतरंजी, सगळं. ती ऐकतच राहिली. म्हणाली, "मला लहानपणी वाटायचं, तू आजीला फोन लावला की आधीच बाय म्हणतेस. बिकॉज कॉल्स वेअर एक्स्पेन्सिव्ह." आम्ही दोघी हसलो आणि माझ्या सोलवटलेल्या ओठांतून रक्त आलं.

तिने ते पुसलं. मग हातातल्या टिश्यूची घडी घालत म्हणाली, की तुला लवकरच घरी सोडतील. डॉक्टरांनी सांगितलंय, कोणीतरी सतत जवळ हवं आणि शाळेत जाणारं लहान मूल घरात नको, खोकलासर्दी तुला परवडणार नाही. म्हणून ती आमच्याकडे राहायला येणार होती. आणि टेसाच्या केसवर्करला, म्हणजे तिचं पाहणाऱ्या सरकारी बाईला, तिने फोन करून ठेवला होता. शुक्रवारी सकाळी टेसाला दुसऱ्या घरी हलवणार होते.

"तिला सांगितलंस?" मी विचारलं.

"नॉट येट."

बाईंना आधी कळलेलं असे, पोराला नाही.

मी म्हणाले, "रूथ, जाणारी मी नव्हे. बाई माझ्या पायाशी थांबल्या, त्या टेसासाठी."

ती माझ्या कपाळाला हात लावायला आली. तिला वाटलं ताप परत चढला. मी तिचा हात धरून रेंगाळणाऱ्या हाताची गोष्ट सांगितली, ती बोर्डिंगातलीही आणि या खोलीतलीही. सांगता सांगता मला एक गोष्ट या वयात पहिल्यांदा कळली. बाई त्या मुलांच्या पायाशी थांबायच्या, कारण ती मुलं त्यांना सोडवत नव्हती. आम्ही त्याला अपशकुन समजलो होतो.

"मम्मा, इट वॉज द फीव्हर."

"असेल. तरी केसवर्करला फोन कर."

"आय कॅन्ट डू बोथ. तुझ्याजवळ कोण राहणार?"

"शैला आहे, तुझे पप्पा आहेत, सगळं मंडळ आहे. तू मला दारातून बघून जा. मला माणसं पुष्कळ आहेत गं. तिला कोण आहे?"

ती मान खाली घालून म्हणाली, "आय चेक हर फीट एव्हरी नाइट, मम्मा. बुटांवरून. जस्ट लाइक यू डिड."

मी तिचे पाय तपासायचे हे मला माहीतच नव्हतं. आठवून पाहिलं, तरी आठवलं नाही. माझा हात ते माझ्या नकळत करत आला होता.

रूथ कॉरिडॉरमध्ये गेली. काचेतून मला ती फोनवर बोलताना दिसत होती, एका हाताने मास्क खाली ओढून. नाही म्हणतील अशी मला भीती होती. माझ्या तपासणीच्या निकालाची वाट पाहतानाही मी एवढी घाबरले नव्हते. ती आत आली आणि म्हणाली, "शी कॅन स्टे."

त्या संध्याकाळी पार्किंगचे दिवे लागले आणि मी पाय पसरून वाट पाहत राहिले. कोणी आलं नाही. ब्लँकेट सकाळपर्यंत सैल होतं. मला सुटल्यासारखं वाटायला हवं होतं, पण मी उशीत तोंड खुपसून रडले. आई निघून गेली असं वाटलं.

घरी

आता केस आलेत, कोंबडीच्या पिल्लासारखे. तपासण्या चांगल्या येताहेत. सुरुवातीला शैला आणि मंडळातल्या बायका पाळीपाळीने राहिल्या. विजयला भात सोडून आणखीही काही करता येतं हे कळलं, म्हणजे मला कळलं. रूथ रोज दारातल्या काचेबाहेर उभी राहून मला हात दाखवून जायची. तुमच्याकडे मदतीला कोणी येतो म्हणालं तर नको म्हणू नका. भिडेखातर नको म्हटलेली मदत नंतर आठवत राहते.

टेसाला आई आहे, त्यामुळे तिने रूथला काय म्हणायचं हा प्रश्न होता. मॉम म्हणणं तिला नको होतं, नुसतं नाव घेणंही नको होतं. रूथने तिला बोर्डिंगची गोष्ट सांगितली आणि तिने स्वतःच निवडलं. मागे शाळेतून तक्रारवजा फोन आला, की मूल जरा गोंधळलेलं दिसतं, तुम्ही घ्यायला आलात की बाय म्हणून ओरडतं. मी परवा गाडीत बसून ते स्वतः पाहिलं. दप्तर पाठीवर उडवत ती रूथच्या अंगावर धावत आली, बाई, बाई करत. बाजूला उभे असलेले पालक बघतच राहिले.

तिची आई बरी होते आहे. एक दिवस ती टेसाला न्यायला येईल. ती यावी अशीच आम्ही प्रार्थना करतो, आणि तो दिवस आम्हाला जड जाणार हेही ठाऊक आहे.

त्या दिवशी शाळेतून दोघी आमच्याकडेच आल्या. टेसा सोफ्यावर माझ्या शेजारी कार्टून बघता बघता झोपली. रूथ आणि विजय स्वयंपाकघरात होते, भांड्यांचा आवाज येत होता. बाहेर अंधारून आलं होतं. दाराशी टेसाचे बूट होते, एकाशेजारी एक, तिने स्वतः काढून ठेवलेले. आमच्या घरात पहिल्यांदाच. मी वाकून तिच्या उघड्या तळव्याला हात लावला. ताप नव्हता. शाल तिच्या टाचांखाली खोचली.

माझे पाय अजून बधिरच आहेत. स्टुलावर टेकवलेले होते, तेच पिवळे मोजे घातलेले. खोलीत घासलेटाचा वास आला, आणि माझ्या तळव्याला कोरडा, खरखरीत हात लागला. गुळाच्या त्या खड्यानंतर मी पहिल्यांदाच मनात म्हणाले, आई.

हात क्षणभर टेकला आणि उचलला गेला. म्हणजे उद्या कोणी जाणार नव्हतं.